सुरंगीची खिडकी

आमच्या घराच्या मागच्या बाजूला, बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला जवळजवळ टेकून, एक सुरंगीचं झाड होतं. ज्या वर्षी ते तोडायला निघाले त्या वर्षीची ही हकिगत. झाडाचं काय झालं एवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसले नसते. त्या खिडकीच्या आत माझी धाकटी बहीण होती आणि तिच्या कुशीत तिची नुकती जन्मलेली मुलगी. दोघी दिवसेंदिवस मलूल होत चालल्या होत्या आणि घरातली दोन शहाणी माणसं कुऱ्हाडवाल्याला निरोप धाडत होती.

ती दोन शहाणी माणसं म्हणजे माझे आई आणि बाबा. तिसरी शहाणी मी. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणा मला कधी साधला नाही. बोलायला लागल्यापासून मी घरात सगळ्यांना उलट उत्तरं देत आले, आणि त्यातली बरीचशी बरोबर निघाली हे माझ्या आईलाही मान्य होतं. फक्त ती ते माझ्यासमोर बोलत नसे.

मी तेव्हा रत्नागिरीतच मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्न झालं होतं, पण नवरा बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. वर्षातून एकदा, फार तर दोनदा घरी यायचा. सासरी सासू-सासरे उरले नव्हते. म्हणून मी माहेरीच राहून नोकरी करायचे. याला नावं ठेवणारी माणसं गावात पुष्कळ होती. त्यांच्या मुली माझ्याच वर्गात असल्यामुळे ती नावं जरा हळू आवाजात ठेवली जायची.

शाळेत मला सगळ्यात आवडायचा तो वस्तुपाठ. पुस्तक मिटायचं आणि वस्तू समोर ठेवून शिकवायचं. जास्वंदीचं पान मी कढत पाण्याच्या भांड्यात बुडवायचे, आणि पानाच्या खालच्या अंगाला मोत्यांसारखे बुडबुडे धरले की पोरी ओरडायच्या, "बाई, पान उकळतंय!" मग मी सांगायचे, "उकळत नाही गो. त्याच्या पोटातली हवा गरम होऊन बाहेर येतेय. आता बघ, कुठल्या बाजूनं येतेय?" खालच्या बाजूनं जास्त. कारण पानाची तोंडं बहुतेक खालीच असतात. डोळ्यांना न दिसणारी, हजारांनी, आणि प्रत्येक तोंडाला दोन ओठ. ऊन असलं, पाणी पुरेसं असलं की ते ओठ उघडतात. झाड तहानलेलं असलं की मिटतात. त्याच वाटेनं झाड हवा आत घेतं, त्याच वाटेनं सोडतं. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस परसातून चालताना पानांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालले होते. वर्गात हे सांगितलं की पोरी हसायच्या, आणि संध्याकाळी घरी जाऊन सगळ्या पानं उलटी करून बघायच्या.

बाबांना माझे वस्तुपाठ म्हणजे पोरखेळ वाटायचे. ते पेन्शनीतले मास्तर. त्यांनी जिल्ह्यातल्या अनेक शाळा पाहिल्या होत्या आणि प्रत्येक शाळेत एकच धडा एकाच सुरात शिकवला होता: झाडे दिवसा प्राणवायू सोडतात व रात्री कर्बवायू सोडतात, सबब रात्री झाडाखाली निजू नये. हे वाक्य त्यांनी छडीच्या जोरावर एका अख्ख्या पिढीच्या गळी उतरवलं होतं. केळशीपासून राजापुरापर्यंत कुठेही त्यांना जुना विद्यार्थी भेटला की तो नमस्कार करायचा आणि आपसूक झाडापासून दोन पावलं दूर सरायचा, असं मी त्यांना चिडवायचे.

आणि आई. आईची गोष्ट चेष्टेची नाही. माझ्या आणि बहिणीच्या मध्ये आम्हाला एक भाऊ झाला होता. श्रावणात जन्मला आणि बारशाच्या आत गेला. पावसानं खिडकीची झडप फुगली होती, ती नीट लागत नव्हती, आणि त्या फटीतून गार वारं आत येऊन पोराला शिंका सुरू झाल्या. "मग मी झडप ठोकून लावली," आई सांगायची, "फटींत चिंध्या कोंबल्या, शेगडी वाढवली. पण उशीर झाला होता." ती हे वर्षातून एकदोनदा तरी सांगायची, दर वेळी याच शब्दांत, आणि 'उशीर झाला होता' म्हणताना हातातलं काम थांबवायची. आपण झडप दोन दिवस आधी लावली असती तर तो आज बापासारखा उंच झाला असता, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

तर अशा घरात, चैत्राच्या तोंडाला, माझी बहीण चिपळूणहून पहिल्या बाळंतपणाला आली. सुटका सुखरूप झाली. मुलगी झाली, ती चांगली लाल, ओरडणारी. आईनं माय-लेकींना माजघराच्या मागच्या खोलीत घेतलं आणि मग रिवाजाप्रमाणे सगळं सुरू झालं. बाजेखाली शेगडी, शेगडीत करवंटीचे निखारे, त्यावर ओवा आणि शेपा. दिवसा न्हाऊमाखू घालायचं, आणि दिवे लागले की शेगडी भरून, दार लावून, माय-लेकी शेकत निजायच्या. खिडकीची झडप तर आईनं बाळंतीण आत यायच्या आधीच लावली होती. फटींत चिंध्या होत्या, आणि वरून जुन्या लुगड्याची घडी. बाहेर चैत्राचा उकाडा इतका की आम्ही पडवीत निजत होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बहिणीचं डोकं जड होऊ लागलं. सकाळी उठून बसली की तिला भोवळ यायची, मळमळायचं. पोर पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेत होतं, ते आता छातीशी धरलं तरी ओढत नव्हतं. नुसतं झोपायचं. वैद्यबुवा येऊन गेले. ते बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत, त्यामुळे नाडी बघण्याऐवजी त्यांनी ती दाराबाहेरून विचारली, आणि काढा देऊन गेले.

मी दुपारी शाळेतून जेवायला यायचे तेव्हा बहीण जरा हुशारीत असायची. त्या वेळी दार उघडं असायचं, आंघोळीची गडबड असायची, शेगडी विझलेली असायची. माझ्याशी ती चार शब्द बोलायची, सुरंगीचा वास येतोय का म्हणून नाक वर करायची. लहानपणी त्या झाडाखाली आम्ही दोघी चादर धरून फुलं झाडायचो आणि वळेसर कोण आधी ओवतं यावर मारामारी करायचो. सकाळी पुन्हा पाहावं तर ती गोळा होऊन पडलेली. मी बाबांना म्हटलं, "बघा, दिवसा बरी असते आणि रात्रीत बिघडते."

हे बोलायला नको होतं असं नाही, पण त्याचा जो अर्थ बाबांनी लावला तो माझ्या स्वप्नातही नव्हता. ते उठले, मागच्या दारी गेले, सुरंगीकडे पाहत उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "दिवसा बरी, रात्री वाईट. अगदी धड्यातल्यासारखं आहे. खिडकीला झाड चिकटलंय. रात्रभर कर्बवायू सोडतंय."

"झडप बंद आहे, बाबा."

"वायू आहे तो. फटीतून येतो."

आई लगेच म्हणाली, "मी आणखी चिंध्या लावत्ये."

झालं. वर्षानुवर्षं आईला बाबांचं शास्त्र पटत नव्हतं आणि बाबांना आईचे रिवाज. या एका खिडकीवर मात्र दोघांचं एकमत झालं. आईला वाऱ्याची भीती, बाबांना वायूची. झडप अजून घट्ट करायची आणि झाड तोडायचं, असं ठरलं.

त्या संध्याकाळी मी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेले. आत गेलं की पुन्हा आंघोळ, म्हणून एरवी मी बाहेरूनच बोलायचे. आईनं दार उघडलं आणि आतली हवा माझ्या तोंडावर आली. गरम, जड, ओव्याच्या वासाची. मी बहिणीला हाक मारली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "आलीस?" तिचं ते सावकाश बोलणं ऐकून मी उंबऱ्यावरच थबकले. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. नवरा सुट्टीवर आला असताना त्यानं सांगितलं होतं: बोटीवर कोळशाची कोठी बरेच दिवस बंद राहिली की झाकणं उघडून वारा खेळवल्याशिवाय माणूस आत सोडत नाहीत. एकजण तसाच घाईनं उतरला. आधी त्याचं डोकं जड झालं, मग तो सावकाश बोलायला लागला, मग त्याला झोप आली. सोबत्यांनी ओढून वर काढला म्हणून वाचला.

मी ओरडलेच. "आई, शेगडी बाहेर काढ! ही झाडानं नाही, शेगडीनं मरेल."

मरणाचं नाव त्या खोलीच्या दारात घेतल्यावर आई माझ्यावर जी उखडली ते सांगायला नको. बाबाही म्हणाले, "शेगडी आपल्या आज्यापणज्यांपासून आहे. त्या काय सगळ्या मेल्या?" त्या रात्री मी दार उघडायचे आणि आई लावायची. शेवटी मी दारातच अंथरूण टाकलं आणि पाय चौकटीत घालून निजले, म्हणजे दार लागणार नाही. आई माझ्या पायांना लाथ मारून आत-बाहेर करत होती. सकाळी बहिणीला कालच्यापेक्षा तसूभर बरं होतं. पण पाय घालून किती रात्री निजणार? बारशाला अवकाश होता, आणि आईनं बजावलं होतं की आज दिवे लागले की ती आतून कडी लावणार.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. मी घरी आले तेव्हा पडवीत कुऱ्हाडवाला चहा पीत बसला होता. वाडीतलाच माणूस, आमच्या माडांची साफसफाईही तोच करायचा. बाबा त्याला फांद्या आधी की बुंधा आधी हे समजावत होते. मी शाळेतून येताना तीन काचेच्या बरण्या आणल्या होत्या, त्या धाडकन पडवीवर ठेवल्या.

"झाड तोडायचं तर तोडा," मी म्हटलं. "पण मास्तर आहात ना? मग आधी सिद्ध करा. दिवे लागायच्या आत मी तुम्हाला दाखवते की कोण किती कर्बवायू सोडतं. झाड गुन्हेगार निघालं तर पहिला घाव मी घालते."

बाबांना आव्हान दिलेलं सोसत नसे. माझा स्वभाव मला कुठून मिळाला हे वेगळं सांगायला नको. "दाखव," ते म्हणाले. "पण रात्रीच्या झाडाचं उन्हात कसं दाखवणार?"

"झाडाला घड्याळ कळत नाही, बाबा. उजेड कळतो. घोंगडी घातली की त्याची रात्र."

कुऱ्हाडवाला म्हणाला, "मास्तरानू, मग आता तोडायचा हाय का नाय?"

"थांब रे जरा," बाबा म्हणाले, आणि त्याला आणखी चहा आला.

आईच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला, पाण्यात ढवळला, आणि निवू दिला. वरची स्वच्छ निवळी तीन वाट्यांत ओतली. कर्बवायू मिळाला की ही निवळी दुधाळ होते, एवढं बाबांनाही पाठ होतं. केलेलं मात्र त्यांनी कधी नव्हतं. एका बरणीत नुसती वाटी ठेवली, हवेपुरती. दुसरीत वाटी आणि सुरंगीची चांगली भरलेली डहाळी. तिसरीत वाटी आणि आईच्या आढीतला एक आंबा. आंबा मी शाळेत पोरींना दाखवायचं मनात होतं म्हणून घातला. त्याचा पुढं काय उपयोग होणार आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिन्ही बरण्यांची तोंडं कणकेनं बंद केली आणि आढीच्या खोलीत नेऊन घोंगडीखाली ठेवल्या.

ती आढीची खोली आईची. आमची परसात थोडी कलमं होती; त्यांचे पहिले आंबे ती पेंढ्याच्या थरांत रचून ठेवायची आणि रोज हात घालून चाचपायची. कुणाला हात लावू देत नसे. बरण्या ठेवताना मी खिडकी लावायला गेले तर म्हणाली, "ती उघडी ऱ्हावंदे." म्हणून घोंगडी दुहेरी करून घातली.

ती दुपार मला फार मोठी गेली. आतून पोराचा आवाज येत नव्हता. मी दोनदा उंबऱ्यावर जाऊन पाहिलं. बहीण जागी होती, पण मला म्हणाली, "ताई, आज मला दिवस रात्रीसारखा वाटतोय." मी तिला नुसतं हो म्हटलं. मला भीती वाटत होती. भीती वाटली की मला राग येतो, म्हणून मी बाहेर येऊन कुऱ्हाडवाल्यावर उगाच खेकसले की कुऱ्हाड तुळशीला टेकवून ठेवू नकोस.

उन्हं कलली तशी मी सगळ्यांना आढीच्या खोलीत बोलावलं आणि घोंगडी काढली. नुसत्या हवेच्या वाटीत काही नव्हतं. सुरंगीच्या वाटीवर पातळशी साय धरली होती. बाबा लगेच म्हणाले, "बघ! सोडतं की नाही?"

"सोडतं," मी म्हटलं. "मी कुठं नाही म्हटलं? झाड अंधारात आपल्यासारखाच श्वास घेतं. दिवसाही घेतच असतं. पण उन्हात ते अन्न शिजवायला कर्बवायू ओढून घेतं आणि इतका प्राणवायू सोडतं की त्यापुढं श्वासाचं काही दिसत नाही. आता तुम्ही फुंका."

पपईच्या पानाचा पोकळ देठ मी आधीच कापून आणला होता. ताज्या निवळीची वाटी त्यांच्यापुढं धरली आणि देठ बुडवून फुंकायला लावलं. बाबांनी फुंकर घातली. बुडबुडे आले. थोड्याच फुंकरींत निवळी ताकासारखी पांढरी झाली. सुरंगीच्या डहाळीनं अर्ध्या दिवसात जेवढं केलं नव्हतं तेवढं बाबांनी उभ्या उभ्या केलं.

"मास्तरानू," कुऱ्हाडवाला दारातून म्हणाला, "तुमच्यापरीस झाड बरा की वो."

"बाबा," मी म्हटलं, "धड्याप्रमाणे तुम्हालाच तोडायला हवं."

बाबांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! त्यांनी वाटी उजेडात धरून फिरवून पाहिली. मग देठ पुन्हा तोंडात घातला आणि दुसऱ्या वाटीत फुंकून पाहिलं. तीही पांढरी झाली. तेव्हा ते हसले, अगदी मोठ्यानं, आणि म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं, एकदाही फुंकलं नाही!" माझे बाबा मला त्या क्षणी फार आवडले. हट्टी माणूस, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणारा नव्हता.

मग मी बाळंतिणीच्या शेगडीसाठी फुलवलेल्या निखाऱ्यांतला एक चिमट्यानं आणला, रिकाम्या बरणीत खापरीवर ठेवला, शेजारी ताजी निवळी, आणि वर झाकण दाबलं. निखारा जरा वेळ लाल राहिला, मग राखाडी झाला आणि विझला. निवळी पांढरी पडली. निखाऱ्यातून याहून वाईट असा आणखी एक वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि चुन्याची निवळी त्याला ओळखत नाही, हे मी पुढं वाचलं. त्या दिवशी मला माहीत होतं तेवढं पुरेसं होतं.

"हे आत बाजेखाली चाललंय, दार लावून," मी म्हटलं. "झाड बाहेर आहे, त्याला सगळं आभाळ आहे. हिला ती एवढीशी खोली."

बाबा आईकडं वळले. आई इतका वेळ हाताची घडी घालून उभी होती. "तुमच्या वाट्यांत दूध पडो का दही," ती म्हणाली. "माझं मूल वाऱ्यानं गेलंय. मी झडप उघडणार नाही." आणि दाराशी भरून ठेवलेली शेगडी उचलून निघाली. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. इतकं सगळं केलं आणि ज्या माणसाला पटवायचं होतं ते तसंच. मी काही तरी करायचं म्हणून तिसरी बरणी उचलली. तिच्यातली वाटी मी अजून पाहिलीच नव्हती. आंब्याच्या शेजारची निवळी दाट पांढरी झाली होती, आणि बरणीची काच आतून घामेजली होती.

आई थांबली. आंबा तिचा होता. "ह्याला काय झालं?"

"काही नाही. तोही श्वास घेतोय."

"देठावरून काढलेला?"

"काढला तरी. पिकेपर्यंत घेतच असतो. पिकताना तर जास्त. म्हणून आढी गरम लागते हाताला."

"ते मला सांगतेस?" आई म्हणाली. "कोंडलं की आतून काळा पडतो. म्हणून तर ही खिडकी मी कधी लावू देत नाही."

ती हे सहज बोलली, नेहमीच्या ठसक्यात. मी तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे पाहिलं. भर चैत्रात ती सताड उघडी होती, खालून समुद्राचा वारा येत होता आणि आढीवरचा पेंढा हलत होता.

"आई," मी म्हटलं, "आंब्याला खिडकी, आणि लेकीला नाही?"

 शेगडी हातात होती, ती तशीच घेऊन आई वळली. मला वाटलं, संपलं. पण ती बाळंतिणीच्या खोलीवरून पुढं गेली, मागचं दार उघडलं आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. मग परत आली, बाजेवर चढली, लुगड्याची घडी ओढून काढली आणि एकेक चिंधी उपटू लागली. झडप घट्ट बसली होती. तिनं दोन्ही हातांनी धक्के दिले, शेवटी खांद्यानं दिला, तेव्हा ती उघडली. सुरंगीची फांदी आत आली आणि तिच्याबरोबर तो वास, खोलीभर. बहिणीनं डोळे उघडले आणि लहानपणच्या सवयीनं म्हणाली, "आधी माझा वळेसर."

दुसऱ्या दिवशी नाही, पण तिसऱ्या दिवशी पोर रडलं. असं रडलं की शेजारच्या बायका काय झालं म्हणून बघायला आल्या. मी शाळेत निघाले होते, ती दाराशीच बसले आणि ऐकत राहिले. शाळेला उशीर झाला, तो मी खुशाल होऊ दिला. कुऱ्हाडवाल्याकडून बाबांनी माडाच्या वाळक्या झावळ्या उतरवून घेतल्या, आणि पुढं महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला पपईच्या देठातून फुंकायला लावलं.

बारसं झालं. त्यानंतर एका दुपारी आई खिडकीशी बसली होती, मांडीवर नात. बहीण न्हायला गेली होती. मी वह्या तपासत होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गो, त्याच्या वेळी मी चिंध्या कोंबल्या होत्या."

कुणाच्या वेळी ते विचारायची गरज नव्हती.

"शेगडीही वाढवली होती," ती म्हणाली. "शिंका तर आधी येतच होत्या. पण दूध ओढायचा. चांगला ओढायचा. मी खोली बंद केल्यावर त्यानं ओढायचं सोडलं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला कळतं ना यातलं? सांग."

मी वर्गात चुकीचं उत्तर कधी खपवून घेतलं नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही मी एकदा भर वर्गात दुरुस्त केलं होतं. तीच मी, वही बाजूला ठेवून, वर्गात बोलते त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "नाही आई. तो थंडीनंच गेला. श्रावणातला गारठा आणि पोर अशक्त. तेव्हाचं वेगळं, आताचं वेगळं. तुझी झडप लागायला उशीर झाला होता."

आई म्हणाली, "हं." आणि नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

त्यानंतर ती होती तोवर आमच्या आळीत कुणीही बाळंत झालं की तिला बोलावणं यायचं, आणि नाही आलं तरी ती जायची. गेल्या गेल्या आधी शेगडी उचलून पडवीत न्यायची. मग फटींतल्या चिंध्या आपल्या हातानं ओढून काढायची, झडप उघडायची, आणि आपली पाठ वळल्यावर कुणी ती लावू नये म्हणून तिथंच खिडकीशी बसून राहायची, घरच्यांनी जेवायला बोलावलं तरी उठायची नाही. आळीतल्या बायका याला मास्तरणीचं खूळ म्हणायच्या, लेकीचं आईला लागलेलं. मी त्यांना काही बोलले नाही. आईला कुणाच्या खिडकीशी अशी बसलेली पाहिली की मला कळायचं, मी दिलेलं उत्तर तिनं एक दिवसही खरं मानलं नव्हतं.